यंत्रांना नावं ठेवा

रशियात कीबोर्डला लाडाने ‘क्लावा’ म्हणतात. त्यांचा रीतसर शब्द ‘क्लावियातुरा’, आणि क्लावा हे क्लावदिया या बाईच्या नावाचं घरगुती रूप. हार्डडिस्क म्हणजे तिकडे ‘विंत’, अर्थात स्क्रू. या स्क्रूची कुळकथा मजेशीर आहे. १९७३ साली आयबीएम या संगणक कंपनीने ३३४० हा डिस्क ड्राइव्ह आणला. मूळ आराखड्यात त्यात तीस-तीस मेगाबाइटच्या दोन जागा होत्या. ३०-३० हा आकडा विंचेस्टर रायफलच्या काडतुसामुळे अमेरिकेत घरोघरी माहीत, म्हणून ड्राइव्हचं टोपणनाव पडलं विंचेस्टर. तो विनोद रशियात पोचला, रशियनांनी त्याची शेपटी छाटली आणि उरला ‘विंत’. इंग्रजी ‘बटन’चा त्यांनी ‘बातोन’ केला. बातोन म्हणजे लांबुळका पाव, त्यामुळे बटणं बडवत बसणं म्हणजे पाव तुडवणं. पेंटियम या प्रोसेसरचा केला ‘प्येन’, म्हणजे तोडलेल्या झाडाचा बुंधा. माणसाला उद्देशून म्हटलं तर ठोंब्या. मदरबोर्ड ही ‘मात’, आई. रॅम म्हणजे मेंदू, प्रोसेसर म्हणजे दगड आणि एकूण सगळं हार्डवेअर म्हणजे ‘झेलेझो’, लोखंड.

हा काही एकट्या रशियाचा खोडकरपणा नाही. फिनलंडमध्ये जुन्या लवचीक फ्लॉपीला ‘लेर्प्पू’ म्हणत, लुळी. साडेतीन इंची टणक फ्लॉपी आली तेव्हा ती झाली ‘कोर्प्पू’, म्हणजे बेकरीतला कडक टोस्ट. जर्मन लोक संगणकाला जोडायच्या स्वस्त, कर्कश स्पीकरांना बोंबलणारे ठोकळे म्हणतात, मशीन अडलं की तीन बटणं एकदम दाबायच्या कसरतीला माकडपकड म्हणतात, आणि खांदा मोडणाऱ्या लॅपटॉपला ‘श्लेपटॉप’, कारण ‘श्लेपेन’ म्हणजे फरफटत नेणं. चिनी भाषेत मांजर म्हणजे ‘माओ’, आणि तो उच्चार ‘मोडेम’ या शब्दाच्या सुरुवातीशी जुळतो म्हणून मोडेमला, म्हणजे इंटरनेट जोडणाऱ्या पेटीला, मांजर म्हणतात. जपानीत कायमचा बंद पडलेला फोन ‘बुंचिन’ होतो; कागद उडू नयेत म्हणून ठेवायचं वजन. इंग्रजी बोलणाऱ्यांनी सॉकेटला चिकटून बसणाऱ्या जाड अडॅप्टरला भिंतीची चामखीळ म्हटलं. आणि आज ज्या शब्दाला जगात कुणी हसत नाही तो ‘माऊस’सुद्धा मुळात प्रयोगशाळेतली थट्टाच. डग्लस एंगलबार्ट यांना १९७० मध्ये मिळालेल्या पेटंटवर त्याचं नाव होतं ‘दृश्यपटल-प्रणालीसाठी क्ष-य स्थिती दर्शक’. हे नाव टिकलं असतं तर आपल्या शाळांतल्या पोरांना ते पाठ करावं लागलं असतं.

आता ठाण्यात, नौपाड्यातल्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहा. “रॅम काढून खोडरबरने पुसली, परत बसवली, तरी डिस्प्ले येत नाही. एसएमपीएस चेक केला. मदरबोर्ड गेला असणार.” यातली क्रियापदं मराठी, प्रत्यय मराठी, खोडरबर अर्धामुर्धा मराठी. यंत्राच्या अवयवांची नावं मात्र कंपनीच्या खोक्यावर छापलेली, जशीच्या तशी; एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, हेही कुणी सांगत नाही. रॅमला कुणी मेंदू म्हणत नाही, प्रोसेसरला दगड म्हणत नाही. ‘डबा’, ‘खटारा’, ‘डबडं’ एवढे शब्द तेवढे कधीमधी कानावर येतात, आणि तेही बहुधा गिऱ्हाइकाची पाठ वळल्यावर.

मला वाटतं, ही उणीव विनोदबुद्धीची नाही आणि शब्दसंपत्तीचीही नाही. संगणकाच्या बाबतीत आपण भलत्यालाच हसलो. रशियन माणूस यंत्राला हसला. आपण यंत्राचं नाव चुकीचं घेणाऱ्या माणसाला हसलो. त्याची किंमत भाषेपुरती राहिलेली नाही, दुरुस्तीच्या बिलापासून ऐरोलीच्या रस्त्यापर्यंत ती कुठेकुठे मोजावी लागते ते पुढे सांगतो.

आधी मराठीची जुनी खोड आठवू. नवं यंत्र दारात आलं की आपली भाषा त्याला घाबरत नसे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. लोकांनी तिच्यात आग बघितली आणि ती झाली आगगाडी. तशीच आगबोट, तशीच आगपेटी. एका ‘आग’मध्ये तीन यंत्रं निकालात. मोटारसायकल ज्या आवाजाने गल्ली उठवायची त्या आवाजाची ती फटफटी झाली. एसटीला प्रवाशांनी लालडबा म्हटलं. २००५ साली टाटांचा छोटा टेम्पो आला, त्याचा छोटा हत्ती व्हायला वेळ लागला नाही. दिव्याच्या तेलाचं घासलेट झालं ते ‘गॅसलाइट’वरून, आणि आज त्यात इंग्रजी आहे हे सांगितलं तर आजीला पटणार नाही.

कारखान्यांत हेच झालं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्यात वागळे इस्टेटला उभी राहिली. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं तिथे टर्नर-फिटर झाली. त्यांच्या तोंडी वॉशरचा ‘वायसर’ झाला. स्क्रूच्या खाचांना त्यांनी ‘आटे’ म्हटलं, आणि बघता बघता वेंधळ्या माणसाचेसुद्धा आटे ढिले होऊ लागले. ‘कंडेम्ड’ हा साहेबाचा शेरा. त्याचा ‘कंडम’ झाला आणि यंत्रापासून पुढाऱ्यापर्यंत कशालाही लागू लागला. वायसर म्हणणाऱ्या फिटरला कुणी हसलं नाही, कारण हसणाऱ्यापेक्षा त्याला लेथ जास्त कळत होती.

मग संगणकाच्या वेळी काय बिनसलं?

तो कारखान्यातून आला नाही, वर्गातून आला. नव्वदच्या दशकात ठाण्यात गल्लोगल्ली क्लास निघाले. एसी खोली, चपला बाहेर, मॉनिटरवर कापडी झाकण. २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे सरकारी नोकरीच्या अर्जाला त्याचं प्रमाणपत्र जोडावं लागू लागलं. थोडक्यात, वायसर हाताने ओळखायची वस्तू होती, पण रॅम आधी परीक्षेतला प्रश्न म्हणून भेटली, पूर्ण रूपासकट. पाठ केलेल्या शब्दाची थट्टा करायला मन धजत नाही, कारण तो चुकला तर गुण जातात.

त्यातच शेजारच्या नवी मुंबईत महापे, ऐरोली, वाशीला कॉल सेंटरं आली. रात्री सुमो भरभरून पोरं जायची. तिथे उच्चारावर पगार ठरायचा; जीभ वळवण्याचं प्रशिक्षण मिळायचं आणि ते घेऊन आलेला मुलगा घरी येऊन भावाचा उच्चार दुरुस्त करायचा. या वीस-पंचवीस वर्षांत ‘कंपुटर’, ‘लॅबटॉप’, ‘पेंडराइव्ह’, ‘सॉफ्टवेर’ हे शब्द आपल्यातले असंख्य लोक बोलत आले आहेत आणि त्यांच्यावर विनोद होत आले आहेत. कुठल्या कार्यक्रमात, कुठल्या लग्नाच्या पंगतीत, कुठल्या ऑफिसच्या डब्याच्या वेळी. पण जरा भाषेच्या अंगाने बघा. ‘लॅपटॉप’चा ‘लॅबटॉप’ होणं आणि ‘वॉशर’चा ‘वायसर’ होणं ही एकच क्रिया आहे. ‘क्लावियातुरा’ची क्लावा झाली तीही याच जातीची. परका शब्द तोंडात घोळतो, झिजतो, ओळखीच्या नादाला जाऊन चिकटतो आणि मग त्यावर कोटी सुचते. झिजायलाच बंदी घातली तर कोटी कुठून सुचणार? ज्या मराठी माणसाला चहाच्या कपावरही कोटी सुचते, त्याला मोडेमवर एकही सुचू नये हे आपोआप घडलेलं नाही.

यावर दोन वेगळी कारणं सांगितली जातात. पहिलं असं की आपण यंत्राची पूजा करतो म्हणून चेष्टा करत नाही. दसऱ्याला सीपीयूला झेंडूची माळ, कीबोर्डला हळदकुंकू. महाप्याच्या ऑफिसांतही हे दृश्य दिसतं. हे कारण मला मुळीच पटत नाही. खंडेनवमीला रिक्षाचीही पूजा होते आणि वर्षभर तिला लाथाही बसतात. पूजा आणि शिवी यांचं आपल्याकडे वैर नाही. विठोबाला तोंडावर चार शब्द सुनावणारी जनाबाई आपलीच. उलट ज्याच्याशी जवळीक आहे त्यालाच आपण ‘अरे’ म्हणतो. संगणकाला आपण अजून ‘अहो’ म्हणतो, तो दुरावा पूजेने आलेला नाही.

दुसरं कारण वजनदार आहे. ठाणे-नवी मुंबईतली दुरुस्तीची दुकानं, ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून येणारा माल, तो पोचवणारी पोरं, सगळ्यांची कामाची भाषा मुंबईची हिंदी. दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठी बोलतो आणि पोराला हाक हिंदीत मारतो. साहजिकच जी काही चेष्टा जन्मते ती त्या हिंदीत जन्मते. हे खरं आहे, आणि त्यावर रुसून काही उपयोग नाही. पण वागळे इस्टेटही काही एकभाषी नव्हती. तिथेही भैये होते, मद्रासी होते, गुजराती मालक होते. तरी वायसर आणि आटे मराठीत रुजले. मिश्र वस्तीत शब्द मरत नाहीत, फक्त त्यांचा सातबारा कुणाच्या एकट्याच्या नावावर राहत नाही. ‘डबा’ मराठी की हिंदी यावर भांडणाऱ्याने आधी जेवणाचा डबा कुणाचा ते ठरवावं.

खरं तर हसू दबलं की ते दुसरीकडून बाहेर पडतं. मराठीत ते क्रियापदांतून पडलं. नामांना हात लावायची सोय नव्हती, क्रियापदं मात्र आपलीच होती. म्हणून मशीन ‘बसतं’, ‘लटकतं’, ‘झोपतं’, ‘गंडतं’. बोर्ड ‘उडतो’. नेट ‘बोंबलतं’. फॉरमॅट ‘मारतात’ आणि विंडोज ‘टाकतात’, भाजीत मीठ टाकावं तशी. इंग्रजीत ज्या गोष्टी ‘इन्स्टॉल’ होतात त्या आपल्याकडे टाकल्या, मारल्या, चढवल्या जातात. यात रांगडी मजा आहे आणि ती कुठल्याही कोशात नाही. लिंगांतही गंमत होते. रशियनांनी मदरबोर्डला सरळ आई केलं. आपण ‘मदर’ तोंडाने म्हणतो आणि ‘मदरबोर्ड उडाला’ असं पुल्लिंगी वाक्य बोलतो, कारण ‘बोर्ड’ पुल्लिंगी. आईचा बाप्या केला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात येते. रशियात माणसाचं नाव यंत्राला गेलं. आपल्याकडे यंत्राचं नाव माणसाला आलं. उशिरा विनोद कळणारा ‘ट्यूबलाइट’. विसराळू माणसाची ‘रॅम कमी’. दुपारच्या जेवणानंतर ‘हँग’ झालेला सहकारी. म्हणजे हार्डवेअरवरून विनोद करायला आपल्याला येतं, चांगलं येतं. मात्र वार झेलायला पुन्हा माणूसच उभा केलेला असतो.

इथे कुणी म्हणेल, मग शासनाने शब्द घडवलेच होते की. घडवले, आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांच्या गटात मी नाही. भाषा संचालनालय १९६० पासून आहे, त्याच्या परिभाषा कोशांमागे विद्वानांचे कष्ट आहेत. ‘संगणक’ हा शब्द तर पूर्ण यशस्वी झाला; शाळेच्या वेळापत्रकात बसला आणि खेड्यापाड्यांत पोचला. ‘कळफलक’ मला आवडतो, नादाने छान आहे. ‘भ्रमणध्वनी’ मात्र लग्नपत्रिकेच्या तळाशी राहतो आणि प्रत्यक्षात वाजतो तो मोबाईल. पण ‘संस्कृत की इंग्रजी’ हाच वाद घालत बसल्यामुळे तिसरी खाण आपल्या नजरेतून सुटली. कोश करणाऱ्यांनी ग्रंथालयात शब्द शोधले, इंग्रजीवाल्यांनी माहितीपुस्तिकेत. दुकानात कुणी गेलं नाही.

फ्रेंचांचं उदाहरण या वादात बहुधा भाषाशुद्धीवाले देतात, तेव्हा ते पुरतं बघू. १९५५ साली आयबीएमच्या फ्रान्समधल्या शाखेला नव्या यंत्रासाठी शब्द हवा होता. लॅटिनचे प्राध्यापक जाक पेरे यांनी ‘ऑर्दिनातर’ सुचवला. धर्मशास्त्रातला शब्द, जगाची व्यवस्था लावणाऱ्या देवासाठी वापरलेला. याहून पंडिती काय असणार? पण त्याच फ्रान्समध्ये चिपला ‘प्यूस’ म्हणतात, म्हणजे पिसू. बारीक, काळी, चपटी. आणि हा शब्द चोरून बोलला जात नाही. बँकेचं कार्ड म्हणजे ‘कार्त आ प्यूस’, पिसूवालं कार्ड, असं छापील कागदावर येतं. इंग्रजी शब्दांविरुद्ध १९९४ मध्ये कायदा करणाऱ्या देशाला पिसूची लाज वाटत नाही. देवाचं नाव आणि पिसूचं नाव एकाच पेटीत सुखाने नांदतात. आपल्याकडे देवाचं नाव द्यायची तयारी आहे, पिसूपाशी आपण अडतो.

“पण नावात काय आहे, काम झाल्याशी मतलब,” असं माझे इंजिनिअर मित्र म्हणतात. काम कुठे अडतं ते सांगतो. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या पेटीला ‘सीपीयू’ म्हणतात. काहीजण तिला ‘हार्डडिस्क’ही म्हणतात. वास्तविक सीपीयू म्हणजे आतला काडेपेटीहून लहान प्रोसेसर. कळव्याहून एखाद्या काकू दुकानात फोन करतात, “सीपीयू बंद पडलाय.” ऐकणारा मुलगा नवा असेल तर प्रोसेसर समजतो, बेरकी असेल तर प्रोसेसरच समजल्याचं दाखवतो आणि किंमतही तशीच सांगतो. पेटीतली पंख्याची वायर सुटलेली असते. लोकभाषेवर नेहमी आरोप असतो की ती ढिसाळ असते, तांत्रिक कामाला चालत नाही. इथे ढिसाळपणा इंग्रजी शब्दाने केला. ‘डबा’ म्हटलं असतं तर घोटाळा झालाच नसता, कारण डबा म्हणजे बाहेरची पेटी हे पोराटोरांना कळतं. आदर राखायला म्हणून घेतलेला शब्द चुकीचा निघाला आणि चेष्टेचा शब्द काटेकोर निघाला.

अडॅप्टर, एसएमपीएस, बॅटरी, पोर्ट यांच्या बाबतीत असंच. ज्या वस्तूचं नाव घ्यायची भीती वाटते तिच्या बिलावर वाद घालता येत नाही. नळाचा वायसर गेला असं प्लंबर सांगतो तेव्हा काकू म्हणतात, “वायसरला एवढे पैसे? मागच्या महिन्यात तर बदलला!” हेच धाडस एसएमपीएसपुढे गळून पडतं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करायला समिती नेमली, नंतर त्यासाठी पोर्टलही काढलं. उत्तम. पण हक्क बजावायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडायला त्या भागाचं असं नाव लागतं जे घेताना आपण हास्यास्पद ठरू ही धास्ती नसेल.

आता ऐरोली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लाइनने निघालं की ऐरोली, रबाळे, घणसोली, पुढे महापे असा सगळा पट्टा. पूर्वी इथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते, धुराड्यावरून आणि वासावरून ओळखता यायचे. आता तिथे डेटा सेंटरं उठताहेत. खिडक्या नाहीत, आत रांगेने सर्व्हरचे रॅक, बाहेर डिझेल जनरेटर, थंडाव्याची अवजड यंत्रणा आणि विजेची प्रचंड भूक. या सगळ्याला जगभर नाव काय? ‘क्लाउड’. ढग! इतकं हलकं, पांढरं, निरागस नाव कुणा कामगाराने ठेवलं नाही. केबल ओढणाऱ्या, रॅक चढवणाऱ्या माणसाला विचारलं तर तो ढग म्हणणार नाही. त्याने त्यात घाम गाळलाय. कंपनीचं नाव वस्तूचं वजन लपवतं, चेष्टेचं नाव ते उघडं करतं. विंडोज नसलेल्या, म्हणजे खऱ्या खिडक्या नसलेल्या त्या इमारतीला कुणी ‘माहितीचं गोदाम’ म्हटलं किंवा ‘थंड भट्टी’ म्हटलं, तर पुढचे प्रश्न आपोआप येतात: गोदामाला वीज किती लागते, पाणी किती, आणि शेजारच्या वस्तीत उन्हाळ्यात लाइट जाते तेव्हा गोदामाची जाते का? ढगाला असं कुणी विचारत नाही. मराठीत ‘नावं ठेवणं’ या एकाच शब्दप्रयोगात नामकरण आणि टीका दोन्ही आहेत. नागरिकाला दोन्ही लागतात.

या बाजूला एक काळी कडा आहे, ती झाकून ठेवायची नाही. टोपणनावं नेहमी निष्पाप नसतात. एकाच केबलला दोन हार्डडिस्क जोडल्या की जुन्या काळी एक ‘मास्टर’ आणि दुसरी ‘स्लेव्ह’ असायची. मालक आणि गुलाम. पंचवीस वर्षं ते शब्द जगातले तंत्रज्ञ बिनदिक्कत उच्चारत होते. २००३ साली लॉस एंजेलिस काउंटीने पुरवठादारांना कळवलं की उपकरणांवर अशी नावं नकोत, तेव्हा त्याची खिल्ली उडाली. आज अनेक कंपन्यांनी स्वतःहून ती टाकली आहेत. मराठी तर या बाबतीत निखाऱ्यांवर बसलेली भाषा. जातीवरून, रंगावरून, व्यंगावरून, बाईच्या देहावरून टोपणनावं ठेवण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, आणि दुरुस्तीच्या धंद्यात जवळजवळ सगळे पुरुष. रशियातल्या क्लावालाही रोज बोटांनी बडवतात, ती बाई आहे हा योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. म्हणून जे दुकानात बोललं जातं ते सगळं डोक्यावर घ्या असं मी म्हणत नाही. नोंद सगळ्याची करावी, छापताना निवड करावी. शिवीचीही नोंद कोशकार करतात, तिला पाठ्यपुस्तकात घालत नाहीत. पण नको त्या शब्दांच्या भीतीने सगळी खाणच बुजवायची, ही सबब मात्र मला मान्य नाही, कारण ती सांगणाऱ्यांना जातिवाचक म्हणींची एवढी चाड कधी दिसली नव्हती.

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हापासून शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखितं यांच्याविषयी पुष्कळ बोललं जातं, आणि जावंच. त्या कामातला एक छोटा हिस्सा ठाण्याच्या गोखले रोडवरच्या दुरुस्तीच्या बाकड्यांपर्यंत येऊ द्यावा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, वि. ल. भाव्यांसारख्या माणसाने जुन्या पोथ्या जमवण्यात आयुष्य घातलं त्याच गावात दुरुस्तीवाल्यांचे शब्द जमवायला चार विद्यार्थी पाठवणं जड जाऊ नये. नौपाडा, कोपरी, वाशी सेक्टर सतरा, तुर्भ्याचे भंगारवाले, रबाळ्यात केबल ओढणारे ठेकेदाराचे कामगार. भंगारवाल्यांना विसरू नका. मदरबोर्डमध्ये काय काय असतं हे शिकवणीवाल्यांपेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं, आणि त्यांच्या शब्दांना परीक्षेचा वारा लागलेला नाही. माणसं वेळ देतील तर त्यांना मानधन द्यावं, कारण विद्वानांना आपण देतो.

परिभाषा कोशात इंग्रजी शब्द आणि मराठी पर्याय अशा दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना घालावा: बोलतात तो शब्द. आयटीआयच्या प्रश्नपत्रिकेत त्या रकान्यातलं उत्तर लिहिलं तरी गुण द्यावेत. ‘मशीन लटकलं’ असं लिहिणाऱ्या पोराला बिघाड कळलेला आहे; त्याला लाल शाई कशाला? आणि ‘डबा’ची नोंद करताना सरळ लिहावं: नाम, पुल्लिंगी, संगणकाची बाहेरची पेटी, हिला सीपीयू म्हणू नये. ‘लॅबटॉप’ही त्यात यावा, आणि त्याच्यापुढे ‘अशुद्ध’ असा शेरा मारायचा मोह झाला तर संपादकांनी आधी ‘वायसर’चं पान उघडून तिथे तो शेरा आहे का ते बघावं.